पाहुणे तरुण, यजमान गाव

‘परदेशात फुकटात फिरून यायची सोय.’ आंतरराष्ट्रीय युवा आदानप्रदानाचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिलं वाक्य हेच असतं. त्याला निसर्ग पर्यटनाची जोड मिळाली की शंका आणखी वाढते. चार झाडं लावायची, तंबूत राहायचं, फोटो टाकायचे आणि परत यायचं, एवढंच त्यात असतं असं पालकांना वाटतं. जाणाऱ्या मुलांपैकीही अनेकांना तसंच वाटत असतं.

युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ कार्यक्रमाची नियमपुस्तिका चाळली तरी हा समज टिकत नाही. युवा आदानप्रदानासाठी कुठल्या कामांना अनुदान मिळणार नाही याची तिथे चक्क यादी आहे. सुटीतला प्रवास, पर्यटन म्हणता येईल असा कुठलाही कार्यक्रम, महोत्सव, नफा कमावण्याचे उद्योग, हे सगळं त्या यादीत आहे. १३ ते ३० वयोगटातली मुलं, वेगवेगळ्या देशांतले गट, प्रवासाचे दिवस वगळून ५ ते २१ दिवसांचा मुक्काम आणि आधीपासून ठरवलेला विषय, अशी त्याची चौकट आहे. शाश्वत पर्यटन हा विषय त्यात बसतो, सहल मात्र बसत नाही.

या चळवळीचा उगमही पर्यटनात नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात स्वयंसेवकांचं शिबिर भरवलं. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांतली माणसं घरं उभारायला एकत्र आली होती आणि त्यांत जर्मनही होते. तीच गोष्ट स्थानिक प्रशासनाला खटकली आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावं लागलं. पाहुण्यांचा हेतू कितीही निर्मळ असला तरी यजमान तयार नसेल तर काम पुढे जात नाही, हे पहिल्याच शिबिरात दिसलं. यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४च्या भूकंपाने बिहार हादरला, तेव्हा सेरेसोल मोजक्या सहकाऱ्यांसह भारतात आले आणि मुझफ्फरपूर परिसरात गावं पुन्हा वसवायच्या कामाला लागले. श्रमदानाची आंतरराष्ट्रीय शिबिरं भारतात नव्वद वर्षांपूर्वी पोचली आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

जंगलात गेलं की झालं निसर्ग पर्यटन?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज. जंगलात उभारलेलं रिसॉर्ट, जीपमधून वाघ, धबधब्याखाली डीजे, अशा सगळ्याला आज ‘इको’ची पाटी लागते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय इकोटुरिझम सोसायटीच्या व्याख्येत मात्र अटी स्पष्ट आहेत. नैसर्गिक परिसरातल्या प्रवासाने निसर्गाचं जतन व्हावं आणि स्थानिकांचं भलं व्हावं. २०१५ मध्ये त्यात शिकण्या-शिकवण्याची तिसरी अट आली. यातली एक जरी निसटली तरी उरतं ते साधं पर्यटन, फक्त झाडांच्या सावलीतलं.

या अटी प्रत्यक्षात कशा दिसतात, ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे समुद्रकाठचं छोटं गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालतात. कधीकाळी ती अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे यांच्या पोटात जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धन सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. सापडलेल्या घरट्यातली अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात. वर टोपली पालथी घालून ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं आणि पिल्लं वर आली असली तर ती लाटांपासून थोड्या अंतरावर वाळूत सोडायची. समुद्रापर्यंतचं अंतर ती स्वतः चालून जातात. पाहुणे दोरीच्या अलीकडे थांबतात, फ्लॅश मारायचा नाही. राहायला गावातली घरं, जेवायला घरचं जेवण आणि पैसे त्या घराकडे.

एखाद्या दिवशी एकही पिल्लू बाहेर येत नाही. शहरातून दोनशे किलोमीटर गाडी हाकत आलेला पाहुणा मग हिरमुसतो. पण वेळापत्रक कासवाचं आणि नियम गावाचे, हेच या पर्यटनाचं बलस्थान आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथेही वाट दाखवणारं, माहिती देणारं आणि कमावणारं माणूस गावातलंच असतं.

जगभरचे तरुण स्वयंसेवक कासवांसाठी ज्या कोस्टा रिकाला जातात, तिथली गोष्टही थोडी दुरुस्त करून सांगायला हवी. ‘पर्यटनाने तिथली जंगलं वाचवली’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. १९८०च्या दशकात त्या देशाचं जंगल एक चतुर्थांश भूभागापर्यंत आक्रसलं होतं. आज ते निम्म्याहून जास्त भूमीवर आहे. या बदलात १९९६च्या वन कायद्याचा वाटा मोठा आहे. जंगल तोडून दुसऱ्या वापराला जमीन देण्यावर त्याने बंदी घातली आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला सुरू केला. त्यासाठी इंधनावरच्या कराचा पैसा वापरला गेला. पर्यटनाने या धोरणाला बळ दिलं, पण पाया कायद्याचा होता. एखादं गाव किंवा देश सावरण्याचा सगळा भार पर्यटकांवर टाकणं चुकीचं आहे आणि सगळं श्रेय त्यांना देणंही.

तिथे पोचल्यावर नीट वागलं की पुरे?

स्टीलची बाटली, कापडी पिशवी, बांबूचा टूथब्रश, हे सगळं चांगलंच आहे. पण प्रवासाचा मोठा बोजा त्याआधीच वातावरणात गेलेला असतो. २०१८ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के पर्यटनातून येतं. प्रवासाबरोबर पर्यटकांची खरेदी आणि खाणंपिणंही त्यात मोजलेलं आहे. मुंबईहून युरोपला विमानाने जाऊन-येऊन एका माणसामागे साधारण पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरासरी भारतीयाचं वर्षभराचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. आठवडाभराच्या पर्यावरण परिषदेसाठी असा प्रवास करायचा का, हा प्रश्न प्रत्येक तरुणाने स्वतःला विचारायलाच हवा.

युरोपातल्या तरुणांनी तो विचारला आणि त्यातून काही चांगलं घडलं. फिन्सेंट-इमानुएल हेर आणि मार्टिन स्पीअर या दोन जर्मन तरुणांनी २०१४ मध्ये मागणी लावून धरली, की युरोपातल्या प्रत्येक मुलाला अठराव्या वाढदिवसाला रेल्वेचा पास मिळावा. सगळ्यांना तो मिळाला नाही, पण २०१८ पासून ‘डिस्कव्हर ईयू’ या नावाने हजारो अठरा वर्षांच्या मुलांना मोफत पास दिले जाऊ लागले. अर्जाबरोबर एक छोटी प्रश्नमंजूषा सोडवावी लागते. प्रवास मुख्यतः रेल्वेचाच. इरॅस्मस प्लसनेही २०२१ पासून रेल्वे, बस किंवा एकत्र गाडीने येणाऱ्यांना ज्यादा प्रवासखर्च आणि वाटेसाठी ज्यादा दिवस द्यायला सुरुवात केली. हे ज्यादा दिवस फार महत्त्वाचे. रेल्वेने जायची इच्छा असून रजा आणि वेळ यांमुळे विमान धरावं लागतं, ही अडचण अनुदान देणाऱ्यांनी ओळखली.

भारतातल्या तरुणांना युरोपला रेल्वेने जाता येत नाही, हे उघड आहे. त्यांच्या हातात दोन गोष्टी आहेत. क्वचित जायचं आणि गेलं की भरपूर राहायचं. पाच दिवसांच्या पाच फेऱ्यांपेक्षा पाच महिन्यांचा एक मुक्काम हवेलाही परवडतो आणि यजमानांनाही उपयोगी पडतो.

चांगल्या मनाने केलेलं काम वाईट कसं असेल?

इथे मात्र थांबून नीट बघायला हवं, कारण या गैरसमजाची किंमत लहान मुलांनी आणि मुक्या जनावरांनी मोजली आहे.

कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. पण युनिसेफच्या माहितीनुसार तिथल्या संस्थांतल्या दर चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील, किमान एक जण, हयात होते. मग ही मुलं तिथे आली कशी? परदेशी पाहुणे आठवडाभर मुलांबरोबर खेळायला, इंग्रजी शिकवायला पैसे मोजून येत होते. देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं लागत होती. शिक्षणाच्या आशेने गरीब आईबाप त्यांना धाडत होते. दर आठवड्याला नवा ताई-दादा येतो, माया लावतो आणि निघून जातो. त्या मुलाच्या मनावर त्याचे ओरखडे राहतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना अशा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या वाहतुकीला गुलामगिरीचा एक प्रकार मानलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांच्या बछड्यांची कथा तितकीच क्लेशदायक आहे. ‘आईविना पोरक्या पिल्लांना दूध पाजा, ती पुढे जंगलात सोडली जातील,’ असं सांगून तरुण स्वयंसेवकांकडून पैसे घेतले जात. प्रत्यक्षात बछडी जन्मल्यावर लवकरच आईपासून मुद्दाम तोडलेली असत. माणसाच्या हाताला सरावलेला सिंह जंगलात जगू शकत नाही. मोठा झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी तो विकला जाई. २०१५च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हा धंदा जगासमोर आणला. बाटलीने दूध पाजणाऱ्या तरुणांचं मन खरोखर चांगलं होतं आणि त्याच चांगुलपणावर हा धंदा चालला होता.

म्हणून कुठल्याही शिबिराला जाण्यापूर्वी पहिला प्रश्न कामाचा असावा. हे काम गावातलं कुणी पगारावर करू शकलं असतं का? लहान मुलांशी संबंध येणार असेल तर आपलं पूर्वचारित्र्य कुणी तपासलं का? पिल्लाला हात लावायला मिळणार अशी जाहिरात असेल, तर तिथून पाय मागे घेणंच बरं.

नीट चाललेलं काम कसं असतं, याचा नमुना तमिळनाडूत आहे. ऑरोविलमध्ये २००३ मध्ये एका इस्रायली दांपत्याने ‘साधना फॉरेस्ट’ सुरू केलं. सत्तर एकर उजाड, पाण्याने धुपलेली जमीन आणि तिथे पुन्हा उभं करायचं होतं त्या भागाचं मूळचं शुष्क सदाहरित वन. देशोदेशींचे तरुण तिथे येतात. सकाळी बांध घालणं, खड्डे खणणं, रोपांभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन टाकणं ही कामं असतात. वीज सौर, शौचालयं खताची, पाणी मोजून. पावसाचं पाणी आधी जमिनीत मुरवायचं आणि मग झाड लावायचं, हा तिथला क्रम आहे. वृक्षारोपण म्हणजे रोप खड्ड्यात ठेवून फोटो काढणं असं वाटणाऱ्या प्रत्येकाने एखादी सकाळ तिथे बांधावर घालवावी. पाठ दुखते आणि डोळे उघडतात.

हे सगळं श्रीमंतांच्या किंवा युरोपातल्या मुलांसाठी?

यात थोडं तथ्य आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. इरॅस्मस प्लसची युवा आदानप्रदान योजना युरोप आणि शेजारच्या देशांपुरती आहे. भारतातल्या गटाला ती थेट मिळत नाही. पण त्याच कार्यक्रमातल्या ‘इरॅस्मस मुंडुस’ संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्या मिळवण्यात भारतीय विद्यार्थी आघाडीवर असतात, आणि त्यांत पर्यटन व पर्यावरणाचे विषयही आहेत. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची भारतीय शाखा आहे. शेतावर काम करून राहण्या-जेवणाची सोय करणारं ‘वूफ’ हे जाळं १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड या लंडनच्या सेक्रेटरीने शनिवार-रविवारी शेतावर जाता यावं म्हणून सुरू केलं होतं. आज ते जगभर पसरलं आहे आणि भारतातही आहे.

पैशांपेक्षा जास्त मुलं अडकतात ती व्हिसात. ‘पगार नाही, म्हणजे नोकरी नाही, म्हणजे पर्यटक व्हिसा चालेल’ हे गणित अनेक देशांत चुकतं, कारण कामाच्या बदल्यात मिळालेलं जेवण आणि खोलीसुद्धा तिथे मोबदला धरतात. विमानतळावर खरं सांगितलं तर परत पाठवतात आणि खोटं सांगितलं तर पुढची दारं बंद होतात. भारताने परदेशी पाहुण्यांसाठी हा मुद्दा स्पष्ट केलेला आहे: पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, कुठलाही मोबदला न घेता, स्वयंसेवी काम करता येतं. गावात परदेशी तरुण बोलावणाऱ्या संस्थांनी ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी.

भारतीय तरुणांसाठी दोन रास्त मार्ग अलीकडेच उघडले आहेत. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना २०२३ पासून दरवर्षी ३,००० पर्यंत भारतीयांना दोन वर्षं राहून काम करू देते. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी काम आणि सुटी एकत्र करता येणारा व्हिसा सुरू केला, वर्षाला १,००० जणांसाठी. दोन्हींना वयाची अट १८ ते ३० आहे, निवड सोडतीने होते आणि शिक्षणाची अट आहे. अर्जाच्या तारखा थोडक्या दिवसांच्या असतात, त्या सरकारी संकेतस्थळावरच पाहाव्यात.

आणि यजमान संस्थेला पत्र लिहिताना ‘मला काय बघायला मिळेल’ याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. काम कुणी ठरवलं, गावाने की संस्थेने? मी भरलेल्या पैशांतला किती भाग गावात राहतो? आणि मी गेल्यानंतर ते काम कोण पुढे चालवणार? सरळ उत्तरं देणारी संस्था सहसा लगेच उत्तर देते. टाळाटाळ सुरू झाली, तर दुसरं शिबिर शोधावं.