ग्लिसरीन शुद्ध आहे हे कशावरून?

पनवेलमध्ये ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळते, तसेच रसायने विकणाऱ्याकडेही मिळते. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर द्रव सारखेच दिसतात: रंगहीन, दाट, चवीला गोडसर. पण एक औषधात चालते, दुसऱ्याची खात्री नाही. ई-सिगारेटचे द्रावण घरी करणारे 'व्हेजिटेबल ग्लिसरीन' मागतात आणि वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक असे समजतात. हा समज मोठ्या वर्गांतल्या मुलांपर्यंतही पोचतो, म्हणून तो तपासून पाहू.

तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया केली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. तेल खोबऱ्याचे असो वा पामचे, ग्लिसरीनचा रेणू एकच. 'व्हेजिटेबल' हा शब्द उगम सांगतो, शुद्धता नाही.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. हे ग्लायकॉलही रंगहीन, दाट आणि गोड असते, शिवाय स्वस्त.

मग वजन करून भेसळ ओळखता येईल का? १०० मि.लि. शुद्ध ग्लिसरीनचे वजन सुमारे १२६ ग्रॅम भरते, तेवढ्याच ग्लायकॉलचे ११२ ग्रॅम. दहा टक्के भेसळ असेल तर सुमारे १२५ ग्रॅम. पण ग्लिसरीन हवेतले पाणी शोषते, आणि पाच टक्के पाणी असलेले ग्लिसरीनही जवळजवळ तेवढेच भरते! म्हणजे तराजूही पुरत नाही. त्यासाठी क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करावे लागतात. औषधी ग्लिसरीनमध्ये या ग्लायकॉलचे प्रमाण ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही. बाटलीवरील 'आय.पी.' ही अक्षरे इंडियन फार्माकोपियाचे, म्हणजे भारतीय औषधकोशाचे, निकष सांगतात. अर्थात ती अक्षरे खरी ठरतात ती प्रत्येक घाण्याची तपासणी झाली तरच.

समजा, तपासणी झाली आणि ग्लिसरीन शुद्ध निघाले. ते वाफ करून ओढायला चालेल का? ग्लिसरीन फार तापले की त्याच्या रेणूतून पाणी निघून जाते आणि ॲक्रोलिन तयार होते. तेल करपल्यावर डोळ्यांना झोंबणाऱ्या धुरात तेच असते. हा प्रयोग वर्गात करू नये. करपलेल्या तेलाची आठवण करून दिली तरी पुरे. इथे विषारी पदार्थ भेसळीतून येत नाही, शुद्ध ग्लिसरीनमधूनच निर्माण होतो. औषधकोशाची कसोटी तापलेल्या तारेवरच्या ग्लिसरीनसाठी नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन व विक्री यांवर बंदी आहे, हेही मुलांना सांगावे.

'शुद्ध' असे लिहिलेली बाटली मुलांनी दाखवली, तर आपण त्यांना दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या तपासणीने शुद्ध? आणि कोणत्या वापरासाठी?