आधी वर्ग, मग शिकवणी

मी पुण्यात जर्मन शिकवते. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न व्याकरणाचा नसतो. ‘मॅडम, बॅचला जाऊ की पर्सनल लावू?’ हा असतो. विचारणारे आता नुसते कॉलेजचे विद्यार्थी राहिलेले नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यानंतर सांगली-लातूरकडच्या नर्सेस आणि इलेक्ट्रिशियनही चौकशी करू लागले. नवऱ्याकडे जर्मनीला जायचं तर व्हिसासाठी सहसा ए १ ही जर्मनची पहिली पातळी लागते, म्हणून नव्याने लग्न झालेल्या मुली येतात. बहुतेकांनी एक गोष्ट धरूनच ठेवलेली असते: पैसे असतील तर पर्सनलच चांगलं, बॅच नाइलाजाची. मला हे पटत नाही. भाषेची सुरुवात चार लोकांत व्हावी आणि शिकवणी नंतर, नेमक्या कामापुरती घ्यावी.

वर्गाविरुद्धचा आक्षेप मात्र खरा आहे. मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये एक साधा हिशेब मांडला. ५० मिनिटांचा तास, ३० विद्यार्थी; शिक्षकांचं बोलणं, सूचना, हजेरी वजा केली तर एकेकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम ३० सेकंद येतात. शिकवणीच्या बाजूने बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ मधला निष्कर्षही सांगितला जातो. एकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, असा तो निष्कर्ष. पण ते प्रयोग शाळकरी मुलांवर, जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि विषय होते संभाव्यता आणि नकाशाशास्त्र. गणितात उत्तर कळलं की काम झालं. भाषेत समोरचा माणूस लागतो.

लाँग आणि पोर्टर यांनी त्या ३० सेकंदांवर उपायही सांगितला होता: वर्गाला लहान गटांत बोलतं करा. आम्ही ते रोज करतो. एकीच्या हातात दवाखान्याच्या वेळा, दुसरीच्या हातात अर्धवट भरलेली डायरी. कागद दाखवायचा नाही, जर्मनमध्ये विचारूनच अपॉइंटमेंट ठरवायची. वीस जणांच्या वर्गात दहा जोड्या एकदम बोलू लागतात आणि दहा मिनिटांत प्रत्येकीच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. ‘पण त्या एकमेकींचं चुकीचं जर्मन उचलतील ना?’ असं पालक काळजीने विचारतात. शिकणारी माणसं आपसात बोलताना मूळ भाषकाशी बोलताना होतात त्यापेक्षा जास्त चुका करत नाहीत, असं पोर्टर यांना आढळलं होतं. माझा अनुभवही तोच आहे.

शिकवणीत एक गोष्ट हमखास होते, आणि ती मला खटकते. शिक्षकाचा कान विद्यार्थ्याला सरावतो. मुलगी ‘काल... बाजार...’ एवढंच जर्मनमध्ये म्हणते, मला कळतं, मी मान हलवते आणि गप्पा पुढे सरकतात. वाक्य मात्र अर्धवटच राहतं. वर्गातल्या जोडीदाराला ते कळत नाही. तो कपाळाला आठ्या घालून ‘व्ही बिटं?’ (‘काय म्हणालीस?’) विचारतो आणि मुलीला सगळं पुन्हा, नीट रचून सांगावं लागतं. उद्या ती नर्स म्हणून गेली, तर हॅम्बुर्गच्या वॉर्डात तिच्या शेजारी तुर्की, सीरियन, फिलिपिनो सहकारी असतील. तिथे रोज हेच करायचं आहे.

परीक्षाही तशीच बेतलेली आहे. गोएथे-इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनची, ए १ ची तोंडी परीक्षा गटात होते आणि त्यापुढच्या बी १ पातळीची सहसा दोघांची मिळून. बी १ ची सुरुवातच दोघांनी मिळून काहीतरी ठरवण्याने होते: आजारी मित्राला भेटायला कधी जायचं, काय न्यायचं. इथे सुचवायचं, नाकारायचं, दुसऱ्याला बोलायला जागा द्यायची. फक्त शिकवणीत तयार झालेली मुलं उत्तरं सुरेख देतात, पण स्वतःहून प्रश्न विचारत नाहीत. शिक्षक पुढचं विचारेल म्हणून थांबतात.

आणि तासांचा हिशेब. गोएथेच्या अंदाजाप्रमाणे ए १ साठी ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, शून्यापासून बी १ पर्यंत ३५० ते ६५०. शिकवणी बहुतेक जण आठवड्याला दोन घड्याळी तास घेतात, कारण त्याहून जास्त परवडत नाही. या वेगाने ए १ चा किमान अभ्यास ३० आठवड्यांत होतो आणि बी १ ला अडीच वर्षं लागतात. घरचा अभ्यास जोरात असेल तर यात फरक पडतो, पण तो फार थोड्यांचा असतो. आठवड्यातून चार-पाच दिवस भरणारा वर्ग हे तास सहज भरून काढतो.

मग शिकवणी कधी? पाळी बदलणाऱ्या नर्सला ठरावीक वेळेची बॅच जमतच नाही. तिला दुसरा मार्ग नाही आणि तिने शिकवणीच घ्यावी. म्युनिकला लेकीकडे निघालेल्या आजीला पातळ्या आणि परीक्षा नकोत, नातवाच्या बालवाडीत आणि दुकानात बोलता आलं की पुरे. तिलाही शिकवणीच बरी. पण शिकवणीचा खरा उपयोग होतो तो लेखनात. बी १ चे चार विभाग आहेत, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात आणि जो विभाग राहिला तेवढाच पुन्हा देता येतो. तीन विभाग सुटलेल्या मुलीने लेखनासाठी पुन्हा अख्खी बॅच लावणं मला पैशांची आणि उमेदीची नासाडी वाटते. तिने दर आठवड्याला दोन पत्रं लिहून आणावीत आणि ती शिक्षकासमोर ओळ न् ओळ तपासली जावीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून जर्मन गौणवाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद आपल्याला जड जात नाही. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी आणताना आपण घसरतो, विशेषतः वाक्य ‘काल’ किंवा ‘म्हणून’ने सुरू झालं की. कोण कुठे घसरतं हे त्याच्याच कागदावर दिसतं, आणि वीस कागद हातात असले की शिक्षकाला तेवढं खोलात जाता येत नाही. उच्चारांचंही तसंच. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायची सवय वर्गात सगळ्यांबरोबर लागते, पण एखाद्याची जीभ नेमकी कुठे अडते ते समोर बसूनच कळतं.

बॅच निवडताना डेमोला जरूर बसा आणि घड्याळ लावून बघा. तासभरात शिक्षकच बोलत असतील, फळ्यावर व्याकरण आणि तोंडी इंग्रजी चालू असेल, तर ते व्याख्यान आहे. फी कितीही कमी असो, तिथे नाव घालू नका. वर्गात गोंगाट असेल आणि तो जर्मनमध्ये असेल, तर पुढची चौकशी करा. शिकवणी लावताना शिक्षकाला पहिल्याच दिवशी विचारा की काय सुधारायचं आणि किती आठवड्यांत. ‘बघू हळूहळू’ असं उत्तर आलं तर दुसरा शिक्षक बघा.

बॅचमधल्या एखादीची बी १ ची तारीख तुमच्याच आसपास असेल, तर शेवटच्या महिन्यात दोघी मिळून एक शिकवणी लावा. फी निम्मी होते. तोंडी परीक्षेच्या सरावाला जोडीदार मिळते, आणि पत्रं तपासून घ्यायला शिक्षक असतोच.