निळ्या जर्सीत कोणता देश मावतो?

राष्ट्रीय फुटबॉल संघाची यादी नकाशासारखी वाचावी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार होता तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतून तो कलकत्त्याला डॉक्टरकी शिकायला आला होता. स्वातंत्र्याला वर्ष पुरं व्हायचं होतं, संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. ३१ जुलैला फ्रान्सशी त्यांनी बरोबरीनं झुंज दिली. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना २-१ असा हातचा गेला. १९५६ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईकडून खेळणारा, मूळचा गोव्याचा. १९६२ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण आणलं, त्या संघात बंगाल, हैदराबाद, पंजाब होते. मुंबईच्या टाटा संघाचा फॉर्च्युनातो फ्रँको होता, तोही गोव्याचाच. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

त्या याद्यांत वऱ्हाडचं नाव सापडत नाही. का, हे वऱ्हाडातल्या बाळापुरातून पाहिलं की नीट उमगतं.

फुटबॉल या देशात छावण्यांतून, गिरण्यांतून, रेल्वेतून आणि मिशनच्या शाळांतून पसरला. नागपूरशेजारी कामठीला १८२१मध्ये छावणी बसली आणि तिथं हा खेळ मुरला. आजही विदर्भात फुटबॉल म्हटलं की आधी कामठी आठवते. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरच्या बाळापुरात किल्ला होता, बाजार होता, विणकर होते. गोरी पलटण नव्हती. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते पायाखालचं. मुंबई-कलकत्त्यात फुटबॉल हा पावसाळी खेळ. आपल्याकडे पावसात काळी माती फुगते, तळव्याला किलोकिलोनं चिकटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरचं पोरगं डवरणीला नाहीतर निंदणाला वावरात लागतं. एप्रिल-मेमध्ये त्याच जमिनीला बोट शिरेल अशा भेगा पडतात. पूर्ण आकाराचं मैदान पावणेदोन एकरांचं. तेवढी जमीन कपाशीच्या मुलखात खेळासाठी कोण सोडणार?

पण म्हणून वऱ्हाडानं देशाचं नाव अंगावर घेतलं नाही, असं कुणी म्हणू नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला चमू नेला आणि हुतूतूसारखे देशी खेळ जगापुढे मांडले. मंडळ १९१४चं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. देश पारतंत्र्यात असताना ही माणसं तिथं भारत म्हणून उभी राहिली. आपल्या मातीला साजेसा खेळ त्यांच्याजवळ होता, आणि त्यामागे आखाड्याची, वर्गणीची, गुरूची बैठक होती. फुटबॉलला इथं तीच बैठक मिळाली नाही.

ती विदर्भात एका माणसानं घातली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत पावसात खेळताना पाहिली आणि त्यांच्यासाठी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात २००३मध्ये बेघरांचा फुटबॉल विश्वचषक सुरू झाला होता. त्या स्पर्धेसाठी भारताचा संघ हीच संस्था पाठवते. २०१६मध्ये तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२चा ‘झुंड’ बारसे सरांच्याच आयुष्यावर बेतलेला आहे.

बेघरांच्या विश्वचषकाचे नियम मुद्दाम सांगतो. मैदान बावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. एका बाजूला चौघं, त्यात गोलरक्षक धरून. सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं, म्हणजे पुढच्या वर्षी ती जर्सी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढणार. मानाच्या कुठल्याही संघात जागा धरून ठेवायची धडपड असते. इथं जागा सोडणं हाच नियम आहे. मला हा नियम फार मोठा वाटतो.

‘झुंड’मध्ये एका आदिवासी मुलीचा बाप तिच्या पासपोर्टासाठी कागद गोळा करत फिरतो. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नाही. प्रश्न सिनेमापुरता नाही. ज्याच्या घराला पत्ता नाही, त्याच्या छातीवर भारत लिहायचं तर आधी भारतानं त्याला ओळखावं लागतं. नागपूरच्या वस्त्यांतली पोरं परदेशात राष्ट्रगीताला उभी राहतात, तेव्हा जकार्ताच्या संघात न दिसलेला देश दिसतो. माझ्या लेखी तोही तेवढाच राष्ट्रीय संघ आहे.

२०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. स्पर्धेआधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ ही फुटबॉलची मोहीम राबवली आणि राज्यभरच्या शाळांना चेंडू वाटले. दिवस थाटात साजरा झाला. पण एका दिवसानं खेळाडू होत नाही. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, त्यांचे हट्टी पाठीराखे आहेत, वर्षानुवर्षांचे सामने आहेत. अनिकेत त्या गर्दीतून आला.

बाळापूर तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना, सरपंचांना आणि जुन्या खेळाडूंना माझी विनंती आहे. पावणेदोन एकरांची वाट पाहू नका. बावीस बाय सोळा मीटर जागा बहुतेक शाळांच्या आवारात निघते. काळ्या मातीवर मुरमाचा थर द्या, वर बारीक माती दाबा, नाहीतर पोरांचे गुडघे सोलतील. पावसाळ्याचा हट्ट सोडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सामने भरवा. मुलींचे संघ पहिल्याच वर्षापासून ठेवा. आणि त्या मोहिमेत मिळालेले कपाटातले चेंडू याच दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढून हवा भरा.