आधी पुढचा टायर

डर्ट बाइकसाठी बटण टायर घ्यायला आलेला गडी आधी मागच्याची चौकशी करतो. मी पुढचा दाखवतो. मागचा घसरला तर रेस कमी-जास्त करून सावरता येतं. पुढचा सुटला की माणूस आडवा. एक्सपल्स बाइकला पुढे २१ इंची चाक असतं, मागे १८ इंची. मोठं चाक दगडावर सहज चढतं. खरा प्रश्न जमिनीचा. चिखलात उंच, विरळ बटणं घ्या, माती झडून जाते. तीच बटणं कोकणातल्या जांभ्यावर वाकतात, मुळाशी फाटतात. तिथे बुटकी, दाट बरी. रबराचा हिशेब बहुधा उलटा: मऊ जमिनीला कडक, टणक जमिनीला नरम. टायर बदलायची वेळ झाली का, हे बघायला मागच्या टायरच्या बटणाची धार अंगठ्याने चाचपा. गोल लागली तर पकड गेली, मग उंची कितीही उरलेली असो.