ट्रान्सीव्हरमधला 'चॅनल' म्हणजे नेमकं काय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी दोन बायडाय ट्रान्सीव्हर मागवले. बायडाय म्हणजे एकाच फायबरमधून जा-ये करणारे. दोन्ही अगदी सारखे घेतले. जोडणी केली, पण लिंक काही येईना. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळलं: दोन्ही १३१० नॅनोमीटरवर बोलत होते आणि १४९० वर ऐकत बसले होते. एक उलटा हवा होता!

म्हणून डेटाशीटमध्ये 'चॅनल' दिसला की आधी विचारा: हे चॅनल वेगळे कशाने झालेत? धाग्याने, रंगाने की वेळेने?

बुलढाण्यातल्या उंद्रीसारखं गाव डोळ्यासमोर आणा. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात ग्रामपंचायतींना जोडायला जीपॉन तंत्र निवडलं गेलं. त्यात येणारा डेटा १४९० नॅनोमीटरवर, २.४८८ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने येतो. जाणारा १३१० वर, १.२४४ ने जातो. धागा एक, रंग दोन. हे झालं तरंगलांबीचं मल्टिप्लेक्सिंग. पण स्प्लिटरमुळे तोच धागा अनेक गावांत वाटलेला असतो आणि सगळ्यांचा परतीचा रंग १३१० च. मग टक्कर होऊ नये म्हणून वरचं उपकरण, म्हणजे ओएलटी, प्रत्येकाला बोलायची वेळ ठरवून देतं. हे वेळेचं मल्टिप्लेक्सिंग.

आता १०० गिगाबिटचे दोन मॉड्यूल बघा. एसआर४ आणि एलआर४, दोन्हींत २५ गिगाबिटचे चार चॅनल. एसआर४ मध्ये प्रत्येक चॅनलला स्वतंत्र धागा: चार जायला, चार यायला, एकूण आठ. ओएम४ मल्टिमोड फायबरवर पल्ला १०० मीटर. एलआर४ मध्ये मात्र १३०० नॅनोमीटरच्या आसपासचे चार रंग एकाच धाग्यात मिसळतात. एकूण दोन धागे, आणि सिंगलमोडवर पल्ला १० किलोमीटर.

म्हणजे 'चार चॅनल' एवढंच वाचून धाग्यांचा हिशोब केलात तर तो चौपट चुकू शकतो. एका खोलीत ते चालून जाईल. पण शेतांच्या कडेने पुरलेल्या केबलमध्ये धागे मोजकेच असतात आणि नव्याने खोदणं महाग पडतं. तिथे रंग वाढवणंच परवडतं.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी कागदावर दोन टोकं काढा. प्रत्येक टोकाची पाठवायची आणि ऐकायची तरंगलांबी लिहा, धागे मोजा. पाच मिनिटं लागतात. माझे दोन दिवस गेले, तुमचे वाचतील.