मोकळी जागा खरोखरच मोकळी असते का?

फळ्यावर ‘मीराजा’ अशी अक्षरे लिहा आणि मुलांना वाचायला सांगा. कोणी ‘मीरा, जा’ वाचेल, कोणी ‘मी राजा’. अक्षरे तीच, पण मोकळी जागा हलली की अर्थ बदलतो. संगणकाच्या भाषांतही असे घडते.

प्रोग्रॅम वाचायला सोपा व्हावा म्हणून त्याची मांडणी आपोआप नीटनेटकी करणारे ‘फॉरमॅटर’ असतात. ते लांब ओळी मोडतात, तुटक ओळी जोडतात. ‘सी’ भाषेत हे बहुधा चालते, कारण तेथे विधान संपते ते अर्धविरामाने. ओळ कोठे संपली याला सहसा महत्त्व नसते.

व्हेरिलॉग ही भाषा दिसायला सीसारखीच आहे. मात्र तिच्यात चिपमधील विद्युतमंडलांचे वर्णन करतात. १९८० च्या दशकात ती तयार झाली आणि १९९५ साली आयईईई या संस्थेने तिचे प्रमाणीकरण केले. तिचे काही नियम वेगळे आहेत. ८'बी०००००१०१ म्हणजे आठ द्विमान अंकांत लिहिलेले पाच. येथे ' हे चिन्ह एकटेच येते. सीचा फॉरमॅटर मात्र त्याची जोडी शोधत पुढे जातो आणि मधला मजकूर चुकीचा वाचतो.

याहून घातक चूक पाहू या. व्हेरिलॉगमध्ये ‘डिफाइन’ ही सूचना ओळीबरोबर संपते. तिच्या शेवटी अर्धविराम नसतो. समजा, एका ओळीवर ‘डिफाइन चाचणी’ अशी नुसती खूण आहे आणि पुढच्या ओळीवर ‘बेरीज’ नावाच्या आठ तारांची घोषणा आहे. अर्धविराम न दिसल्याने फॉरमॅटर दोन्ही ओळी जोडतो. आता तारांची घोषणा त्या खुणेचाच भाग बनते आणि मूळ जागेवरून नाहीशी होते!

पुढे दोन घटक जोडताना ‘बेरीज’ हे नाव आले, तर व्हेरिलॉग अघोषित नावासाठी स्वतःच एक तार गृहीत धरते. आठ तारांच्या जागी एकच उरते. काम थांबतेच असे नाही. कित्येकदा केवळ इशारा मिळतो, आणि तो नजरेतून सुटू शकतो. प्रोग्रॅममधील चूक नंतर दुरुस्त करता येते. चिपमध्ये कोरली गेलेली चूक तशी पुसता येत नाही.

उपाय काय? तार गृहीत धरण्याची सवय बंद करणारी सूचना व्हेरिलॉगमध्येच आहे. ती फाइलच्या आरंभी लिहावी. त्या भाषेचे व्याकरण जाणणाराच फॉरमॅटर वापरावा. ‘व्हेरिबल’ हा असा एक फॉरमॅटर आहे. मांडणीपूर्वीचे आणि नंतरचे शब्द व चिन्हे तीच आहेत ना, हे तो स्वतः ताडून पाहतो.

वही नीटनेटकी हवी, असे आपण मुलांना सांगतो. ते योग्यच आहे. पण नीटनेटके करणाऱ्याला मजकूर समजलेला असावा लागतो, हेही त्यांना या उदाहरणावरून सांगता येईल.