आकाशातील नेत्र

पवईच्या तलावावर सायंकाळच्या वेळी घारी घिरट्या घालताना दिसतात. पंख फारसे न हलवता त्या उंच तरंगत राहतात आणि खाली एखादा उंदीर हालला, की नेमक्या त्याच जागी झेप घेतात. नुसते उंच उडून घारीचे पोट भरत नाही. उंची आणि तीक्ष्ण दृष्टी या दोहोंच्या संयोगात तिचे सामर्थ्य आहे. याच तलावाच्या परिसरात, पश्चिमेस अंधेरी व पूर्वेस कांजूरमार्ग यांच्या मध्ये, १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे शिकलेल्या काही तरुणांनी घारीचे हे दोन्ही गुण एका लहानशा यंत्रात आणण्याचा उद्योग केला. त्या यंत्राची ही हकीकत आहे.

शत्रू कोठे आहे, किती आहे व काय करीत आहे, हे आधी कळणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे होय. म्हणूनच गडांवर उंच बुरूज बांधून तेथून दूरवर नजर ठेवीत असत. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांचे नाव महाराष्ट्रात आजही आदराने घेतले जाते. युरोपात १७९४ साली, फ्ल्यूरसच्या लढाईत, फ्रेंच सैन्याने दोराने बांधलेल्या फुग्यातून शत्रूच्या हालचाली पाहिल्या. परंतु डोंगराच्या पलीकडे काय आहे, हे पाहण्यास सहसा माणसालाच जावे लागे. मे १९९९ मध्ये कारगिलच्या उंच शिखरांवर शत्रू येऊन बसला, त्याची पहिली वार्ता मेंढपाळांनी आणली. त्यांनी सांगितलेल्या दिशेने गस्ती तुकड्या वर गेल्या. त्यांतील काही जवान जिवंत परत आले नाहीत. माणसाच्या आधी एखादे यंत्र वर गेले असते तर? टेहळणी करणाऱ्या लहान विमानांचे महत्त्व या प्रश्नात आहे.

अंकित मेहता, राहुल सिंह व आशिष भट हे पवईच्या संस्थेचे विद्यार्थी. २००७ साली त्यांनी ‘आयडियाफोर्ज’ नावाची कंपनी काढली आणि संस्थेच्याच आवारात तिला आरंभीचा आश्रय मिळाला. पुढे संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या पुण्यातील अभियंत्यांच्या सहकार्याने एक वैमानिकरहित विमान तयार झाले. त्याचे नाव ‘नेत्र’. त्याचे वजन अवघे दीड किलोग्रॅम होते. ते सुमारे अर्धा तास हवेत राही आणि दीड किलोमीटरपर्यंत जाऊन खालच्या माणसाकडे चित्रे पाठवीत असे. २००९ साली आलेल्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीशी उडत येणारे यंत्रही याच तरुणांनी पुरवले होते.

असे यंत्र हवेत एका जागी कसे थांबते? त्याला चार पंखे असतात. ते हवा खाली ढकलतात आणि त्यामुळे यंत्र वर उचलले जाते. सर्व पंखे एकाच दिशेने फिरले, तर यंत्राचे धड उलट दिशेने गरगरू लागेल. म्हणून दोन पंखे उजवीकडे व दोन डावीकडे फिरवतात. मागचे पंखे थोडे जोराने फिरवले, की यंत्र पुढे झुकते व पुढे सरकते. यंत्र किती कलले, किती वळले, किती उंच गेले, हे त्यातील सूक्ष्म मापके सतत मोजतात. त्यानुसार आतील संगणक प्रत्येक पंख्याचा वेग दर सेकंदाला शेकडो वेळा सुधारतो.

परंतु उडणे हे निम्मेच काम झाले. उरलेले निम्मे काम विमानाच्या पोटाखाली बसवलेल्या डोळ्याचे असते. हा डोळा मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार साध्या कॅमेऱ्याचा. तो सूर्यप्रकाशात पाहतो. रंग, कपडे, वाहने स्पष्ट दाखवतो. पण अंधार पडला की आंधळा होतो. दुसरा प्रकार उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेनुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाहीत, पण या कॅमेऱ्याला दिसतात. म्हणून काळोख्या रात्री थंड खडकांमध्ये बसलेला माणूस त्याच्या पडद्यावर उजळ ठिपक्यासारखा उठून दिसतो. साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. यासाठी या कॅमेऱ्याचे भिंग जर्मेनियम या मूलद्रव्याचे करतात. ते धातूसारखे चकाकते आणि त्यातून आपल्याला पलीकडचे काहीच दिसत नाही!

वाऱ्याने विमान हेलकावू लागले, तर चित्रही थरथरेल. म्हणून कॅमेरा तीन दिशांना फिरणाऱ्या चौकटीत बसवतात. तिला ‘गिंबल’ असे नाव आहे. विमान डावीकडे कलले, की चौकट तितकीच उजवीकडे वळते आणि कॅमेरा आपल्या जागी स्थिर राहतो. घारीचे शरीर वाऱ्यावर डोलत असतानाही तिचे डोके स्थिर असते, तसाच हा प्रकार आहे.

या दोन डोळ्यांपैकी कोणता न्यावा, हे ठरवण्यास थोडे गणित लागते. समजा, कॅमेऱ्याच्या चित्रात २०० मीटर रुंदीची जमीन मावली. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात एका ओळीत ४००० बिंदू असतील, तर एका बिंदूच्या वाट्याला ५ सेंटिमीटर जमीन येते. माणसाचे खांदे सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद धरले, तर ते नऊ बिंदूंत उमटतात आणि आकृती ओळखू येते. उष्णतेच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा एका ओळीत ६४० बिंदूच असतात. तेव्हा एका बिंदूला सुमारे ३१ सेंटिमीटर जमीन येते आणि तोच माणूस एकदोन बिंदूंत संपून जातो. अधिक स्पष्ट पाहण्यासाठी विमान खाली आणावे, तर एका वेळी थोडीच जमीन दिसते आणि पंख्यांचा आवाज शत्रूच्या कानी जातो.

मग दोन्ही प्रकारचे मोठे व उत्तम कॅमेरे का लावू नयेत? येथे वजन आडवे येते. वजन वाढले, की पंख्यांना अधिक जोर लावावा लागतो. अधिक जोराला अधिक वीज लागते. आणि विजेची बॅटरी मोठी घ्यावी, तर तिचेही वजन वाहावे लागते. गड चढणाऱ्या माणसाने तहान लागेल म्हणून पाण्याचे हंडे पाठीवर घेतले, तर त्यांच्या ओझ्यानेच त्याला अधिक तहान लागेल. हिमालयात ही अडचण आणखी वाढते. ४००० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोनतृतीयांश इतकीच दाट असते, आणि विरळ हवेला ढकलून वर राहणे कठीण जाते.

यावर एक तोड म्हणजे पंख. पंख असलेले विमान पुढे जात असताना वारा त्याला आपोआप उचलून धरतो, त्यामुळे वीज वाचते. आयडियाफोर्जचे ‘स्विच’ नावाचे विमान पंख्यांच्या जोरावर सरळ वर चढते आणि मग पंखांवर पुढे उडते. सुमारे साडेसहा किलोग्रॅम वजनाचे हे विमान दोन तासांपर्यंत हवेत राहू शकते. भारतीय सेनेने जानेवारी २०२१ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर किमतीची ही विमाने घेण्याचा करार केला.

सैन्यासाठी घडवलेला हा डोळा संकटात सापडलेल्यांच्याही उपयोगी पडला. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात महापूर आला. रस्ते व पूल वाहून गेले आणि हजारो यात्रेकरू डोंगरांत अडकले. तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने ‘नेत्र’ विमाने उडवून, जेथे पाऊल टाकणे अशक्य होते तेथेही माणसांचा शोध घेतला.

तथापि या डोळ्यालाही मर्यादा आहेत. दाट धुक्यात त्याची दृष्टी मंदावते. उन्हाने तापलेले खडक व माणसाचे शरीर यांची उष्णता सारखी झाली, तर त्याला माणूस वेगळा दिसत नाही. शिवाय डोळा कोणाचाही असो, त्याला मोकाट सोडता येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश लाल, पिवळ्या व हिरव्या विभागांत वाटले आहे. विमानतळाजवळच्या आकाशात परवानगीवाचून कोणालाही असे यंत्र उडवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा अधिकार तर कोणासच नाही.

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. पडद्यावर उजळलेला ठिपका शत्रूचा आहे, वाट चुकलेल्या यात्रेकरूचा आहे, की पहिली वार्ता आणणाऱ्या मेंढपाळाचा आहे, हे उष्णता सांगत नाही. घार जे पाहते त्याचा निर्णय तीच घेते. यंत्राला दिसलेल्या गोष्टीचा निर्णय मात्र माणसाला घ्यावा लागतो. यंत्राने डोळा दिला आहे. त्यामागील विवेक माणसानेच जागा ठेवला पाहिजे.